बोर्ड आधी कपाटात ठेवा: सर्वव्यापी संगणनातून वस्तू घडवायला शिकवताना

सर्वव्यापी संगणन म्हणजे रोजच्या वस्तूंत नकळत काम करणारे छोटे संगणक. पहिल्या वर्षी मी त्याचा इलेक्टिव्ह घेतला तेव्हा आठ ग्रुप होते. चार ग्रुपनी कचरापेटी केली, हात पुढे केला की झाकण उघडणारी. पाचव्यांचीही कचरापेटीच होती, पण आदल्या रात्री त्यांची सर्व्हो मोटर जळाली, म्हणून ते झाकण हाताने उघडून दाखवत होते. उरलेल्यांत एक अंधांची काठी आणि दोन आपोआप पाणी घेणाऱ्या कुंड्या. आपल्याकडच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात जा, हीच मंडळी भेटतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात किट दिलं होतं. त्यात समोरच्या गोष्टीचं अंतर मोजणारा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक सर्व्हो आणि मातीतला ओलावा मोजणारी एक पट्टी होती. उत्तर मीच पिशवीत घालून दिलं होतं, प्रश्न त्यांनी मागाहून शोधला.

दुसऱ्या वर्षी मी बोर्ड, म्हणजे वस्तूत बसवायचे प्रोग्राम करता येणारे छोटे संगणक, चार आठवडे कपाटात कुलपात ठेवले. खाली जे लिहितोय ते त्यानंतरच्या प्रत्येक सेममध्ये थोडं थोडं बदलत गेलेलं वेळापत्रक आहे. डिझाइन, इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर शिकवणाऱ्या कुणालाही ते १४ आठवड्यांच्या ४ क्रेडिटच्या इलेक्टिव्हसाठी जवळजवळ जसंच्या तसं उचलता येईल.

सेम सुरू होण्याआधी

टाइमटेबल करणाऱ्यांशी एकच भांडण करा, पण ते जिंका: दोन-दोन तासांचे दोन स्लॉट नकोत, चार तासांचा एक सलग स्लॉट हवा. सामान काढण्यात वीस मिनिटं जातात, आवरण्यात वीस. दोन तासांत मग काम काय होणार?

विद्यार्थी २४, ग्रुप ६. ग्रुप तुम्ही पाडा, मुलांवर सोडू नका. मैत्रीवर पडलेल्या ग्रुपमध्ये चौघंही कॉम्प्युटरची किंवा चौघंही प्रॉडक्ट डिझाइनची निघतात. प्रत्येक ग्रुपमध्ये एक कोड लिहिणारा, एक सर्किट समजणारा, एक हाताने वस्तू बनवणारा आणि एक लोकांशी बोलायला न लाजणारा हवा. चौथा सर्वांत दुर्मीळ असतो.

बोर्ड कुठला घ्यायचा यावर स्टाफरूममध्ये नेहमी वाद होतो. आर्दुइनो उनो शिकायला सोपा, पण त्याच्या जुन्या, आर३ आवृत्तीत वायफाय नाही आणि रॅम फक्त २ केबी. मायक्रोबिट २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना फुकट वाटला गेला. त्यावरचे २५ दिवे पहिल्या तासाला मजा आणतात, पुढे तो तोकडा पडतो. रास्पबेरी पाय म्हणजे पूर्ण संगणक, बहुतेक वस्तूंसाठी फार मोठा आणि महाग. मी ईएसपी ३२ वर स्थिरावलो: वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत, स्पर्श ओळखणाऱ्या पिना आहेत आणि साधा डेव्हलपमेंट बोर्ड चारशे-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. तो ३.३ व्होल्टवर चालतो हे मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. प्रत्येक ग्रुपला दोन, शिवाय चार जादा, असे १६ बोर्ड घ्या. दोन अशासाठी की वस्तू दुसऱ्या वस्तूशी बोलणार असेल तर दुसरं टोक लागतंच.

खरेदी ऑनलाइन होते, तरी मी मुलांना एकदा बाजारात नेतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. दुकानदार विचारतो, "कशासाठी पाहिजे?" आणि मुलांना पहिल्यांदाच आपली कल्पना एका वाक्यात, अनोळखी माणसाला, मराठीत सांगावी लागते. ती अडखळतात. ते अडखळणं फुकट मिळालेलं शिक्षण आहे.

पहिला आठवडा: दोरी आणि गोट्या

व्याख्यान छोटं ठेवा. पालो आल्टोमधल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मार्क वायझर यांनी १९८८ च्या सुमारास सर्वव्यापी संगणन ही कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या लेखातून ती जगभर गेली. इंचाएवढी, फूटभर आणि गजभर अशा तीन मापांची यंत्रं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवून वापरूनही पाहिली. हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास येतं, "सर, हे तर झालंच की. मोबाइल आहे ना." यावर घाईने उत्तर देऊ नका. वायझर यांचा मुद्दा यंत्रांच्या संख्येचा नव्हता. यंत्र नजरेआड व्हावं, माणसाचं लक्ष त्याच्या कामावर राहावं, हा होता. मोबाइल नेमका उलटा वागतो, सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेतो.

मग दोरी. त्याच पार्कमध्ये नाताली जेरेमिजेन्को या कलावतीने छताला एक छोटी मोटर लावून तिला सुमारे ८ फूट लांब प्लास्टिकची दोरी लटकवली आणि मोटर नेटवर्कच्या केबलला जोडली. डेटा जाईल तशी मोटर हिसका देई. नेटवर्क निवांत असलं की दोरी अधूनमधून थरथरायची, गर्दी झाली की गरगर फिरायची. पडदा नाही, आकडा नाही, तरी खोलीतल्या सगळ्यांना कळायचं.

हे स्लाइडवर दाखवू नका. वर्गाच्या कोपऱ्यात छतापासून एक दोरी सोडा, तिला तंगूस बांधून तो दाराबाहेर न्या आणि एका मुलाला सांगा, कॉरिडॉरमधून माणूस गेला की एक हिसका दे. तुम्ही दहा मिनिटं शिकवत राहा, दोरीचं नावही काढू नका. नंतर विचारा, बाहेरून किती लोक गेले? नेमका आकडा कुणालाच सांगता येणार नाही, पण "मधे एकदम गर्दी झाली होती" हे अर्धा वर्ग सांगेल. लक्ष न देता कळणं म्हणजे काय, ते तेवढ्यात समजतं.

गोट्यांचा प्रयोग डरेल बिशप यांच्या उत्तरयंत्रावरून. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, १९९२ मध्ये त्यांनी टेलिफोनचं एक यंत्र कल्पिलं. निरोप आला की यंत्रातून एक गोटी घरंगळत बाहेर येते. गोटी खळग्यात ठेवली की निरोप वाजतो, फोनवर ठेवली की निरोप देणाऱ्याला फोन लागतो. किती निरोप आलेत हे ताटलीतल्या गोट्या मोजून लहान मूलही सांगेल. गोट्या वाटा आणि एका तासात वर्गाकडून हे यंत्र नाटकासारखं करून घ्या, एकजण यंत्र, एकजण फोन. कुणीतरी गोटी खिशात घालून कॅन्टीनला जातोच. मग विचारायचं: निरोप आता कुणाकडे आहे?

दुसरा आणि तिसरा आठवडा: सवय शोधा, समस्या नको

माझी सगळ्यांत मोठी चूक इथेच होत होती. "आसपासची एखादी समस्या शोधून आणा" म्हटलं की मुलं वर्तमानपत्रातल्या समस्या आणतात: कचरा, वाहतूक, महिला सुरक्षा. त्या खऱ्याच आहेत, पण १४ आठवड्यांत चौघांनी एक वस्तू बनवून त्यात काही भर पडत नाही. आता मी समस्या हा शब्दच वापरत नाही. मी म्हणतो, एका घरात किंवा दुकानात दोन तास बसा आणि तिथली माणसं एकमेकांना न बोलता काय काय सांगतात ते टिपा.

मग वह्या भरतात. दूधवाल्याचा हिशेब कालनिर्णयवर टिंबांनी लिहिलाय. विसरू नये म्हणून पदराला गाठ मारलीय. दाराबाहेर अनोळखी चप्पल दिसली म्हणजे घरात पाहुणे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की पलीकडच्या खोलीतून "गॅस बंद कर गं" असा आवाज येतो. या सगळ्या निरोप पोचवायच्या पद्धती आहेत, फक्त त्यांत अजून संगणक नाही.

याच्या जोडीला एका भांड्याचा अभ्यास देतो. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ च्या अहवालात साध्या लोट्याचा विचार कसा करावा, हे प्रश्नांच्या माळेसारखं मांडलं होतं: किती पाणी मावतं, रिकामा आणि भरलेला तोल कसा, कमरेवर कसा बसतो, ओतताना कसा, किंमत काय. त्या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुलांनी घरातलं एक भांडं आणायचं आणि त्यावर ४० प्रश्न लिहायचे. पहिले पंधरा सोपे जातात, पुढचे दहा रडत-कुढत निघतात, कामाचे असतात ते शेवटचे पंधरा. "हे भांडं घासताना बोट कुठे अडकतं?" हा प्रश्न तिसाव्यानंतरच सुचतो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक ग्रुपकडे तीन कल्पना हव्यात, प्रत्येकी एका वाक्यात. वाक्यात अॅप, स्मार्ट किंवा अलर्ट हे शब्द आले तर कागद परत. हट्टी नियम आहे, पण मी तो मोडत नाही.

चौथा आठवडा: कळसूत्री

वस्तू खरी बनवण्याआधी माणसाने ती लपून चालवून पाहायची, या चाचणीला जगभर विझार्ड ऑफ ऑझ म्हणतात, मी तिला कळसूत्री चाचणी म्हणतो. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलावंत बाहुल्या नाचवतात तेव्हा सूत्रं प्रेक्षकालाही दिसतात, तरी तो बाहुलीशीच हसतो-रडतो. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे: पुठ्ठ्याची वस्तू आणि पडद्यामागे तिला चालवणारा माणूस. तंगूस, बल्बचं बटण, पुठ्ठ्यात लपवलेला चालू कॉलवरचा फोन, यांतच बहुतेक सगळं भागतं. सनबोर्डवर दोनशे रुपये घालवू देऊ नका. महाग झालेलं मॉडेल टाकून द्यायला मन होत नाही.

एका ग्रुपची गोष्ट सांगतो, पुढेही ती लागेल. त्यांना नळाला पाणी आलं की कळवणारी वस्तू करायची होती. त्यांच्यातल्या एकीची आजी जुन्या इमारतीत राहते. पाणी पहाटे ठरावीक वेळ येतं, वेळ मागेपुढे होते. मुलांनी पुठ्ठ्याचा एक पक्षी केला. पाणी आलं की न्हाणीघरापाशी बसलेला मुलगा तंगूस ओढणार आणि देवघराजवळचा पक्षी मान वर करणार. पक्ष्याने मान वर केली. आजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या आधीच बादली घेऊन उठल्या होत्या.

"आजी, पक्षी पाहिलात का?"

"पाणी आल्याचं मला कशाला सांगतोस रे? आधी नळ फुसफुसतो, ते मला पूजेवरूनही ऐकू येतं. पाणी जायला लागलं की सांग. तेव्हा माझी धांदल उडते."

चार आठवड्यांत एकही वायर न जोडता त्यांना कळलं की आपण चुकीच्या टोकाला बसलो होतो. आधीच पाण्याचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर विकत घेऊन कोड लिहून झाला असता, तर हेच वाक्य त्यांनी हसून कानाआड केलं असतं. स्वतःवरून सांगतो.

चाचणीचे नियम थोडे: माणूस ग्रुपच्या ओळखीचा चालेल, वर्गमित्र नको. वस्तू समजावून सांगायची नाही. किमान २० मिनिटं. आणि एकाने फक्त लिहायचं, बोलायचं नाही.

पाचवा ते सातवा आठवडा: आता कपाट उघडा

आर्दुइनोचा जन्म २००५ मध्ये उत्तर इटलीतल्या इव्रिया गावच्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत झाला. त्याआधी तिथेच हर्नांडो बारागान या विद्यार्थ्याने वायरिंग नावाचं व्यासपीठ तयार केलं होतं, त्याच्या पायावर तो उभा राहिला. नाव पडलं गावातल्या एका बारवरून. म्हणजे हे हत्यार मुळात डिझाइनच्या मुलांना शिकवण्यासाठीच घडलं. हे पहिल्यांदा सांगा, डिझाइनच्या मुलांची अर्धी भीती तिथेच जाते.

सगळे आधी सेन्सर शिकवतात. मी उलटं करतो: या तिनांतल्या पहिल्या आठवड्यात फक्त बाहेर पडणाऱ्या गोष्टी, म्हणजे दिवा, हालचाल, आवाज. एकच एलईडी घेऊन "झोपलेला", "वाट पाहणारा" आणि "रुसलेला" दिवा करून दाखवा म्हटलं की मुलं दोन तास वेळेशी आणि उजेडाशी खेळत बसतात. सेन्सर आधी दिला तर आकडे लॅपटॉपवरच्या सिरियल मॉनिटर या खिडकीत धावताना पाहण्यातच त्यांना सगळं काम झाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या आठवड्यात सेन्सर, तिसऱ्यात जोडणी. विजेच्या नेहमीच्या खोड्या इथे एकदाच सांगतो, कारण प्रयोगशाळेतला निम्मा वेळ यांनी खाल्लेला असतो.

बोर्ड, सर्व्हो आणि सेन्सर यांचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची टोकं, एकमेकांना जोडलेत का ते आधी बघा. कोड बघण्याआधी हे. सर्व्हो हलला की बोर्ड रिसेट होतो? वीज कमी पडतेय, सर्व्होला स्वतंत्र ५ व्होल्ट द्या. रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या पट्टीत एकेक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपपर्यंत घेतो. ३० दिवे म्हणजे १.८ अँपिअर, लॅपटॉपच्या यूएसबीवर हे पेलत नाही. अल्ट्रासॉनिक सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट देते, ती ईएसपी ३२ ला सरळ जोडू नका. १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी व्होल्टेज विभागून ती ३.३ वर आणा. वायफाय चालू असताना या बोर्डच्या काही अॅनालॉग पिना काम करत नाहीत. ३२ ते ३९ क्रमांकाच्या वापरा म्हणजे रात्री दोन वाजता सरांना मेसेज येणार नाही.

कोडमध्ये दोनच गोष्टींवर वेळ घाला. पहिली, डिले ही थांबून राहायची आज्ञा टाळणं. डिलेमध्ये बोर्ड कुणाचंच ऐकत नाही, म्हणून मिलीस, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद, वापरून वेळ मोजायला शिकवा. दुसरी, उंबरठे दोन ठेवणं. सेन्सरचा आकडा ५०० च्या वर गेला की चालू, खाली आला की बंद, असं लिहिलं की ४९९ आणि ५०१ च्या मधे वस्तू फडफडत राहते. चालू व्हायला ५२०, बंद व्हायला ४८०. ही छोटी गोष्ट, पण वस्तू शहाणी वाटते की चक्रम, ते इथेच ठरतं.

पाण्याच्या ग्रुपने फ्लो सेन्सर घेतला नाही. त्यासाठी पाइप कापावा लागतो, प्लंबर लागतो आणि आजी "नाही" म्हणाल्या होत्या. त्यांनी काही रुपयांना मिळणारी पिएझो चकती पाइपला बाहेरून रबरबँडने बांधली. पाणी वाहताना पाइप थरथरतो, ती थरथर चकती ऐकते. अडचण अशी की शेजारचा मिक्सर लागला तरी पाइप थरथरतो. मग त्यांनी दोन दिवस नुसते आकडे नोंदवले, १० सेकंदांची सरासरी घेतली आणि थरथर हळूहळू उतरतेय की झटक्यात थांबतेय, यावरून पाणी आणि मिक्सर वेगळे केले. यात कुठलंही मशीन लर्निंग नव्हतं. "थोडं एआय घालू का सर?" असं त्यांनी विचारलं होतं, मी आलेख काढायला सांगितला.

२३० व्होल्टला हात लावायचा नाही. रिलेने, म्हणजे बोर्डने चालवायच्या स्विचने, घरातला पंखा चालवण्याचं आमिष मोठं असतं, पण माझ्या वर्गात त्यावर सरळ बंदी आहे. लिथियम सेल असतील तर संरक्षण असलेलं चार्जिंग मॉड्यूल वापरायचं आणि हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर चार्जिंगला ठेवायचं नाही.

आठवा आठवडा: नेट गेलं तर?

कॉलेजच्या वायफायला लॉगिनचं पान असतं आणि बिचाऱ्या बोर्डला पासवर्ड टाकायला ब्राउझर नाही. वर तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. एक साधा राउटर घ्या, इंटरनेट नसलं तरी चालेल, आणि प्रयोगशाळेतल्या एका जुन्या लॅपटॉपवर मॉस्किटो हा एमक्यूटीटी ब्रोकर, म्हणजे बोर्डांचे निरोप एकमेकांना पोचवणारा प्रोग्राम, चालवा. एमक्यूटीटी हे निरोपांच्या देवाणघेवाणीचे नियम, १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी ते तयार झाले. महाग आणि तुटक जोडणीवर थोडक्यात निरोप पोचवणं हा त्यांचा स्वभावच आहे, आपल्याकडच्या नेटवर्कला शोभणारा. एकाच घरातल्या दोन बोर्डांना आपसात बोलायचं असेल तर ईएसपी-नाउ ही थेट बोलण्याची पद्धत पुरे, तिला राउटरही लागत नाही.

पण या आठवड्याचा खरा गृहपाठ तांत्रिक नाही. प्रत्येक ग्रुपने एका पानावर लिहायचं: नेट गेलं, वीज गेली, बॅटरी उतरली, सेन्सर निघून पडला, अशा प्रत्येक वेळी वस्तू काय करेल आणि घरातल्या माणसाला ते कसं कळेल? लाल दिवा लुकलुकेल हे उत्तर मी घेत नाही. पाण्याच्या ग्रुपने तोवर पक्ष्याच्या जागी कलणारं फुलपात्र ठरवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "निरोप मिळत नसेल तर फुलपात्र आडवं झोपेल. आडवं फुलपात्र आजी तसंही उचलून ठेवतात." हे वाचून त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

नववा ते अकरावा आठवडा: पुठ्ठा सोडून

पक्षी कधीच गेला होता. आता लाकडी बैठकीवर तांब्याचं फुलपात्र होतं. पाणी जोरात असताना उभं, जोर ओसरू लागला की हळूहळू कलणारं.

थ्रीडी प्रिंटर असेल तर मुलं सगळंच त्यावर काढतात आणि सगळ्या वस्तू एकाच माहेरच्या दिसतात. शहरात काय मिळतं ते आधी बघायला लावा. पुण्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे, कुंभारवाडा आहे. कारागिरांकडे जाताना दोन अटी: रेखाचित्र घेऊन जायचं आणि वेळेचे पैसे द्यायचे. "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे" म्हणून फुकट करून घ्यायचं नाही. त्यासाठी प्रत्येक ग्रुपला वेगळी रक्कम मंजूर करून घ्या आणि साध्या पावतीवर बिल चालेल, हे अकाउंट्सकडून आधी लेखी घ्या. नंतर ते जीएसटी क्रमांक मागतात.

साहित्य निवडणं आणि सर्किट बनवणं ही वेगळी कामं नाहीत, हे इथे आपोआप कळतं. त्या ग्रुपने बोर्ड आधी तांब्याच्या भांड्यात दडवला आणि निरोप येणं बंद झालं. धातूच्या बंद भांड्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत. बोर्ड लाकडी बैठकीत गेला. पण तेच तांबं स्पर्शाच्या पिनेला जोडलं तर आख्खं भांडं बटण होतं. मग आजींनी हात लावला की फुलपात्र सरळ होणार, म्हणजे "समजलं मला" असं सांगायची सोय झाली. हे त्यांना कुठल्या कल्पनांच्या सत्रात सुचलं नव्हतं.

अकराव्या आठवड्यात ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी नुसत्या खोचायची पट्टी, बंद. सगळं झिरो पीसीबी या भोकांच्या पट्टीवर सोल्डर करायचं, बोर्डसाठी बर्ग स्ट्रिप लावायची म्हणजे तो काढता-घालता येतो. ग्लू गनने वायर चिकटवणं हे सोल्डरिंग नव्हे, हे दरवर्षी सांगावं लागतं.

बारावा आणि तेरावा आठवडा: वस्तू परक्या घरी

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येच बिल गेव्हर आणि सहकाऱ्यांनी ड्रिफ्ट टेबल नावाचं एक टेबल केलं होतं. मधल्या भोकातून ब्रिटनची हवाई छायाचित्रं हळूहळू सरकताना दिसत, टेबलावर वजन जिकडे जास्त तिकडे दृश्य वळे. त्यांनी ते प्रयोगशाळेत तासभर तपासलं नाही, लोकांच्या घरी कित्येक आठवडे राहू दिलं. आपल्याला एक आठवडा मिळाला तरी खूप.

जाताना तीन गोष्टी न्यायच्या. मराठीत एक पानाची चिठ्ठी: ही वस्तू काय करते, काय नोंदवते, बंद कशी करायची. संमतीचा कागद, त्यावर कधीही "घेऊन जा" म्हणायचा हक्क स्पष्ट लिहिलेला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या मुळाशी संमतीच आहे, आणि माझ्या वर्गात कॅमेरा नाही हा त्याहून जुना नियम आहे. मायक्रोफोन लागलाच, समजा कुकरच्या शिट्ट्या मोजायला, तर आवाज बोर्डवरच मोजून टाकून द्यायचा, साठवायचा नाही. तिसरी गोष्ट रोजनिशी, पण ती घरच्यांनी लिहायची अपेक्षा ठेवू नका. रोज संध्याकाळी एक फोन करा, पाच मिनिटं.

या आठवड्यात जे कळतं ते प्रयोगशाळेत कधीच कळत नाही. पहिल्याच दिवशी न्हाणीघरातला बोर्ड सारखा बंद पडू लागला. दोष कोडचा नव्हता. वीज वाचवायला बोर्ड झोपायचा, आणि पॉवर बँकेला वाटायचं की काही जोडलेलंच नाही, मग तीही झोपायची. दुसऱ्या दिवशी आजींची तक्रार: पहाटे साडेपाचला ते कुरकुरतं, जप चुकतो. सर्व्हो जागेवर थांबूनही गुणगुणत होता. हालचाल संपली की त्याचा सिग्नल तोडायला लागला, दोन ओळींचं काम. तिसऱ्या दिवशी वस्तू मिक्सरच्या सॉकेटवरून काढून टाकलेली होती, कारण चटणी करायची होती. या तिसऱ्या प्रकरणाने मुलं खचली. मी म्हटलं, हे लिहा, तुमच्या अहवालातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे: त्या स्वयंपाकघरात एकच सॉकेट आहे.

चौदावा आठवडा: मार्क

मी १०० मार्क असे वाटतो: निरीक्षणाच्या वह्या २०, कळसूत्री चाचणी १५, चालणारी वस्तू २५, परक्या घरातला आठवडा २०, प्रत्येकाचं स्वतंत्र जर्नल २०. वस्तू बंद पडली म्हणून मी मार्क कापत नाही. का बंद पडली हे माहीत नसेल तर कापतो.

कोड हल्ली चॅटबॉट लिहून देतो. बंदी घालून उपयोग नाही, मी घालतही नाही. व्हायव्हाला प्रत्येकाला एक छोटा बदल सांगतो, "फुलपात्र निम्म्या वेगाने कलू दे", आणि दहा मिनिटं देतो. ज्याने कोड वाचलाय तो दोन मिनिटांत करतो. सर्किट करणाऱ्याला कोडचा आणि कोड करणाऱ्याला वायरिंगचा प्रश्न विचारा, म्हणजे "ते माझं काम नव्हतं" हे उत्तर हळूहळू नाहीसं होतं.

एक्स्टर्नल इंजिनिअरिंगचे असले तर "अॅक्युरसी किती टक्के?" विचारतात. डिझाइनचे असले तर वायरकडे बघतही नाहीत. दोघांनाही आदल्या दिवशी दोन पानांचं टिपण पाठवा आणि शक्य असेल तर ज्यांच्या घरी वस्तू राहिली त्या माणसाला परीक्षेला बोलवा. आमच्या आजी आल्या होत्या. एक्स्टर्नलनी त्यांना विचारलं, आठवड्यात किती वेळा फुलपात्र चुकलं? "दोनदा," त्या म्हणाल्या, "पण आमची महानगरपालिका रोज चुकते."

परीक्षा झाली की बोर्ड बर्ग स्ट्रिपमधून काढून, पुसून, मोजून कपाटात. इथे चार जादा बोर्ड का घ्यायला सांगितले ते कळेल: दोन जळलेले असतात, एक हॉस्टेलमध्ये हरवलेला असतो. आमच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये बोर्ड क्रमांक ११ आणि १४ यांच्यापुढे दोन वर्षं शेरा नव्हता. स्टोअरकीपरनी मागच्या महिन्यात विचारलं, काय लिहू, जळाले की हरवले? मी सांगितलं, चालू आहेत, पण परत मिळणार नाहीत. तसा रकाना रजिस्टरमध्ये नाही, म्हणून त्यांनी पेन्सिलने समासात लिहिलं: "आजींकडे."